बातमीतला पर्यावरणवादी

दैनिक वृत्तपत्रांतील काही शब्द आपण इतक्या वेळा वाचलेले असतात की त्यांवर आपली नजर थांबतही नाही. ‘पर्यावरणवाद्यांचा खोडा’, ‘प्रकल्पाला खीळ’, ‘तथाकथित पर्यावरणप्रेमी’, ‘वृक्षप्रेमींचा टाहो’ अशा धाटणीचे मथळे महाराष्ट्रातील कोणत्याही वाचकाच्या परिचयाचे आहेत. मात्र नदी कोणती, पाणी किती, जमीन कोणाची आणि आक्षेप नेमका कशाला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही. सापडते ते एक पात्र. खांद्याला शबनम पिशवी, हातात फलक, तोंडी घोषणा आणि प्रत्येक नव्या कामाला विरोध करण्याची हौस, असे ते पात्र आहे. बातमी कोणत्याही गावची असो, पात्र तेच असते.

साहित्याच्या समीक्षेत एखाद्या कादंबरीतील पात्र ठोकळेबाज आहे असे म्हटले म्हणजे तो लेखकाचा दोष ठरतो. वृत्तपत्रातील ठोकळेबाज पात्राची अशी समीक्षा सहसा होत नाही. ती व्हावी असे आम्हांस वाटते, कारण कादंबरीतील पात्र फसले तर वाचकाचा केवळ रसभंग होतो. बातमीतील पात्र फसले तर एखाद्या गावाचा प्रश्न विचारात न घेताच निकालात निघतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, वृत्तमाध्यमे पर्यावरणाच्या कार्यकर्त्याला ज्या साच्यांत बसवितात, ते साचे निंदेचे असोत वा स्तुतीचे, त्यांचा परिणाम एकच होतो. ‘हा माणूस काय सांगतो आहे आणि ते खरे आहे काय?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हा माणूस आहे तरी कसा?’ हा प्रश्न पुढे येतो.

यांतील पहिला साचा भावनावश व्यक्तीचा. त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील आहे आणि साठ वर्षांहून जुने आहे. रेचल कार्सन या सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक होत्या. अमेरिकन सरकारच्या मत्स्य व वन्यजीव खात्यात त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. डीडीटी व तत्सम कीटकनाशकांच्या बेसुमार फवारणीचे परिणाम सांगणारे त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक जून १९६२ पासून ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातून क्रमशः आणि सप्टेंबर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून अधिक पानांची संदर्भसूची होती. सर्व कीटकनाशके बंद करा असे कार्सनबाईंनी कोठेही म्हटले नव्हते. त्यांचा आक्षेप अज्ञानाने आणि बेजबाबदारपणे होणाऱ्या वापराला होता. असे असूनही ‘टाइम’ साप्ताहिकाने आपल्या परीक्षणात त्या लेखनाची संभावना भावनिक आणि चुकीचा उद्रेक अशी केली. रसायन उद्योगाच्या प्रवक्त्यांनीही हाच सूर धरला. निसर्गाविषयी गूढ ओढ असलेली, पक्ष्यांसाठी अश्रू ढाळणारी एक बाई, अशी प्रतिमा तयार झाली. वैज्ञानिकाला बाई ठरविले की तिच्या संदर्भसूचीला उत्तर देण्याची गरज उरत नाही.

हा साचा मोडला तोही एका माध्यमानेच, हे येथे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. ३ एप्रिल १९६३ रोजी सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने या पुस्तकावर एक तासाचा कार्यक्रम दाखविला. त्याआधी पाचपैकी तीन जाहिरातदारांनी अंग काढून घेतले होते. तरीही कार्यक्रम झाला. त्यात उद्योगाच्या बाजूने रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स हे पांढरा डगला घातलेले रसायनतज्ज्ञ बोलले आणि कार्सनही बोलल्या. त्या वेळी त्या कर्करोगाने आजारी होत्या, परंतु ते लोकांना ठाऊक नव्हते. प्रेक्षकांनी पाहिले ते असे की, जिला भावनावश म्हटले गेले ती स्त्री शांतपणे, शब्द तोलून उत्तरे देत आहे आणि मानवजात अंधारयुगात परत जाईल अशी भीती घालण्याचे काम विज्ञानाचा डगला घातलेला माणूस करीत आहे. त्यानंतर सहा आठवड्यांतच, मे १९६३ मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने आपल्या अहवालात कार्सन यांच्या मुख्य प्रतिपादनास पुष्टी दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर बंदी आली ती १९७२ मध्ये. त्या कार्यक्रमाने विशेष असे काय केले? दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ दिला आणि प्रेक्षकाला मुद्दे ऐकू दिले, एवढेच.

दुसरा साचा विकासाच्या शत्रूचा. तो आपल्या अधिक परिचयाचा आहे. मुंबईच्या आरे वसाहतीतील झाडांचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. विरोध करणाऱ्या एकोणतीस जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्यास सांगितले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्या दिवसांत चर्चेचे शीर्षक बहुधा एकच असे: मेट्रो हवी की झाडे? वस्तुतः आंदोलकांचा विरोध मेट्रोला नव्हता; कारशेडच्या जागेला होता. लोकल गाडीच्या दारात लोंबकळून प्रवास करणाऱ्या मुंबईकराला मेट्रो नको असे कोण म्हणेल? कांजूरमार्गचा पर्याय चर्चेत होता. २०२० मध्ये शासनाने तो स्वीकारला, जमिनीच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेकडे वळली. कोणती जागा योग्य याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात; खर्च, विलंब, जमिनीचा हक्क, मिठी नदीचे पाणलोट क्षेत्र, सर्वच तोलावे लागते. परंतु ‘मेट्रो की झाडे’ असे विचारले की तोलण्यासारखे काही उरतच नाही. जो झाडांच्या बाजूने बोलतो तो आपोआप रेल्वेत चेंगरणाऱ्या माणसाचा वैरी ठरतो.

नर्मदेच्या प्रश्नातही हेच घडले. सरदार सरोवरामुळे आपल्या राज्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील तेहतीस आदिवासी गावे बाधित झाली. या लोकांसाठी लढणाऱ्या मेधा पाटकर यांची छायाचित्रे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो: उपोषणाने खंगलेला चेहरा, पोलिसांनी उचलून नेतानाचे दृश्य, वाढत्या पाण्यात उभ्या राहिलेल्या स्त्रिया. एका बाजूला त्यांना तहानलेल्या गुजरातचे शत्रू म्हटले गेले, दुसऱ्या बाजूला त्यागमूर्ती. या दोन प्रतिमांच्या मध्ये एक कागद होता, तो फार थोड्या वाचकांपर्यंत पोहोचला. आंदोलनाच्या रेट्यामुळे जागतिक बँकेने जून १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र आयोग नेमला. जून १९९२ मध्ये त्याने अहवाल दिला. प्रचलित परिस्थितीत विस्थापितांचे योग्य पुनर्वसन शक्य नाही आणि पर्यावरणावरील परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या बँकेचा पैसा त्या धरणात गुंतला होता, तिनेच नेमलेला हा आयोग. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. कच्छ-सौराष्ट्राला पाण्याची निकड होती, हे खरेच आहे. तथापि धरणाच्या बाजूने असलेल्या वाचकानेही तो अहवाल समोर ठेवून मत बनवायला हवे होते. त्याला मिळाली ती छायाचित्रे.

तिसरा साचा परक्या हस्तकाचा. याविषयी आपल्या ख्रिस्ती वाचकांना अधिक सांगावयास नको. ब्राझीलच्या पारा राज्यात आनापू नावाचे एक गाव आहे. तेथे नामूरच्या नोत्र दाम संघाच्या धर्मभगिनी डोरोथी स्टँग काम करीत होत्या. त्यांचा जन्म १९३१ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. १९६६ पासून त्या ब्राझीलमध्ये होत्या आणि त्यांनी त्या देशाचे नागरिकत्वही घेतले होते. जंगल न तोडता त्यात राहून शेती करावी अशा सरकारमान्य वसाहती भूमिहीन कुटुंबांसाठी उभ्या करणे, हे त्यांचे काम होते. त्या जमिनींवर डोळा ठेवून असलेल्या मोठ्या पशुपालकांना ते सलत होते. सिस्टर शेतकऱ्यांना शस्त्रे पुरवितात असा आरोप झाला. ही बाई बाहेरची, हिला येथे कशाला ठेवायचे, अशी हवा तयार झाली. स्थानिक पुढाऱ्यांनी तर त्यांना ‘नको असलेली व्यक्ती’ म्हणून जाहीर केले. १२ फेब्रुवारी २००५ रोजी सकाळी, जंगलातील वाटेवर, दोन भाडोत्री मारेकऱ्यांनी या त्र्याहत्तर वर्षांच्या धर्मभगिनीवर सहा गोळ्या झाडल्या. शस्त्र आहे काय असे विचारता त्यांनी पिशवीतून बायबल काढले आणि त्यातील धन्योद्गार वाचले, असे प्रत्यक्षदर्शी साक्षीतून पुढे आले. शब्द गोळी झाडत नाही, हे मान्य. परंतु ज्याच्याविषयी ‘हा आपला नाही’ असे दीर्घकाळ सांगितले गेले आहे, त्याला मारणाऱ्याचा हात कमी थरथरतो.

मृत्यूनंतर चौथा साचा पुढे आला, तो संताचा. जगभरच्या वृत्तपत्रांत ‘अमेरिकन नन’ आणि ‘अ‍ॅमेझॉनची हुतात्मा’ अशा मथळ्यांखाली सिस्टरांचे गुणगान झाले. त्यांच्या हौतात्म्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु स्तुतीच्या या बातम्यांत त्या वसाहतींतील कुटुंबे क्वचितच होती. ज्या जमिनीसाठी ही सगळी धडपड होती, ती कोणाच्या नावावर आहे आणि कागदपत्रे कोणी बनावट केली, हा रुक्ष तपशील एखाद्या स्तंभातच संपला.

याच देशातील शिको मेंदेस यांच्या वाट्याला हाच गौरव आधी आला होता. आक्रे राज्यातील शापुरी गावचे मेंदेस हे रबराचा चीक गोळा करणारे मजूर आणि ग्रामीण कामगार संघटनेचे अध्यक्ष. जंगल साफ करायला आलेल्या टोळ्यांसमोर बायकामुलांसह उभे राहून काम थांबवायचे, ही त्यांची रीत. २२ डिसेंबर १९८८ रोजी स्वतःच्या घराच्या दारात त्यांची हत्या झाली. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांना वर्षावनांचा रक्षक म्हणून डोक्यावर घेतले. ते रक्षक होतेच. पण प्रथम कामगारांचे पुढारी होते. जंगल राखा आणि त्यात राहणाऱ्याचा हक्कही राखा, अशी त्यांची मागणी होती. तिचे फळ म्हणून १९९० मध्ये त्यांच्याच नावाचे राखीव वन झाले, जेथे रबर गोळा करणाऱ्यांना राहण्याचा व उपजीविकेचा हक्क आहे. दूरच्या वाचकाला झाडे वाचविणारा वीर हवा होता. मजुरीची आणि जमिनीची कटकट नको होती. म्हणून अर्धा मेंदेस छापला गेला.

वसईच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. १९८८ नंतरच्या काळात हरित वसई संरक्षण समितीचे जे आंदोलन उभे राहिले, त्याचे नाव निघताच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचेच नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले तेव्हा महाराष्ट्राने त्यांना साहित्यिक आणि पर्यावरणाचा कैवारी म्हणून मानवंदना दिली. तथापि त्या आंदोलनाचा विषय होता विहिरींचे पाणी, वाड्या, टँकर आणि बेसुमार बांधकामे. त्यात भाजीची टोपली डोक्यावर घेणाऱ्या स्त्रिया होत्या, केळीच्या बागायतीवर जगणारे शेतकरी होते, नाना धर्मांचे आणि जातींचे लोक होते. एका थोर धर्मगुरूचे चरित्र म्हणून ही गोष्ट सांगितली की ती सुंदर होते आणि संपूनही जाते. विहिरीची पातळी आज किती, हा प्रश्न मात्र संपत नाही.

आतापर्यंत आम्ही ज्यांविषयी बोललो, त्या प्रकरणांत ख्रिस्ती वाचकाची सहानुभूती सहजच कार्यकर्त्याच्या बाजूला जाते. म्हणून एक असे प्रकरण पाहू, ज्यात साचा आपल्याच धर्मबांधवांनी वापरला. ते सह्याद्रीचेच आहे, फक्त त्याच्या दक्षिण टोकाचे.

केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी एक तज्ज्ञगट नेमला. अध्यक्ष होते पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर झाला. परंतु तो दडवून ठेवण्यात आला आणि माहितीच्या अधिकाराखाली लढा दिल्यानंतर मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. सुमारे एक लाख एकोणतीस हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्याचे नाजूकपणानुसार तीन विभाग करावेत, सर्वांत नाजूक भागात नव्या खाणी व प्रदूषणकारी उद्योग नकोत, तीव्र उतारावर हंगामी पिके घेऊ नयेत, कीटकनाशके टप्प्याटप्प्याने कमी करावीत, अशा त्याच्या शिफारशी. लोकांना उठवून लावा असे त्यात कोठेही नव्हते. उलट, विभागांच्या सीमा व नियम हे प्राथमिक आहेत, अंतिम निर्णय ग्रामसभांपासून वर जात झाला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी तर आपण होऊन, आमची गावे संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते. खाणींना कंटाळलेली ती गावे होती. लोक एकीकडे आणि पर्यावरणवादी दुसरीकडे या नेहमीच्या चित्रात हे ठराव बसत नाहीत. म्हणूनच की काय, ते फारसे चर्चेत आले नाहीत.

केरळमध्ये इडुक्की आणि वायनाड या डोंगराळ जिल्ह्यांत अहवालाचे स्वागत वेगळ्या रीतीने झाले. तेथील शेतकऱ्यांपैकी पुष्कळ जण दोन-तीन पिढ्यांपूर्वी सखल भागातून डोंगरावर येऊन स्थायिक झालेले कॅथलिक. त्यांच्यापैकी अनेकांकडे जमिनीची पक्की कागदपत्रे नव्हती. आपली जमीन जाईल ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. सरकारी खात्यांचा त्यांचा अनुभव तसाच होता. पण त्या भीतीला उत्तर देण्याऐवजी तिला खतपाणी घातले गेले. घरे सोडावी लागतील, शेती बंद होईल, अशा वार्ता पसरल्या. इडुक्की आणि तामरश्शेरी या धर्मप्रांतांतील धर्मगुरू विरोधात अग्रभागी होते. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये सौम्य केलेला दुसरा अहवाल दिला, तरी वातावरण निवळले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये तामरश्शेरी परिसरात आंदोलन हिंसक झाले. गाडगीळ म्हणजे शहरात बसून शेतकऱ्याचे नशीब ठरविणारा माणूस, अशी प्रतिमा रूढ झाली. अहवालाची बाजू घेणारे इडुक्कीचे खासदार पी. टी. थॉमस हे स्वतः कॅथलिक कुटुंबातले. त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढण्यात आली. २०१४ च्या निवडणुकीत त्यांना पक्षाची उमेदवारीही मिळाली नाही.

ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळात चारशेहून अधिक माणसे दगावली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कवळप्पारा आणि पुत्तुमला येथे दरडी कोसळल्या. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधील मुंडक्कै आणि चूरलमला ही वस्ती चिखलाखाली गेली. अडीचशेहून अधिक जीव गेले. ही गावे ज्या वैत्तिरी तालुक्यात आहेत, तो गाडगीळ अहवालाने सर्वांत नाजूक विभागात घातला होता. अहवाल स्वीकारला असता तर ही माणसे वाचली असती, असे आम्ही म्हणणार नाही. एका रात्रीत कोसळलेला पाऊस अहवाल थांबवू शकत नाही, आणि एका दरडीची कारणे अनेक असतात. आम्ही इतकेच म्हणतो की, त्या डोंगरावर काय धोका आहे हे जाणण्याची संधी लोकांना २०११ पासून होती आणि ती एका माणसाच्या प्रतिमेवर वाद घालण्यात गेली.

पुढे घडले ते अधिकच बोलके आहे. पूर येताच वृत्तवाहिन्यांनी त्याच गाडगीळांना द्रष्टा ठरविले. काल शेतकऱ्यांचा शत्रू, आज भविष्यवेत्ता. परंतु भविष्य सांगणाऱ्याला आपण हात जोडतो आणि घरी जातो. त्याचे म्हणणे तपासत नाही. गाडगीळ यांनी भविष्य सांगितले नव्हते. त्यांनी उतार, पाऊस आणि वनाच्छादन यांच्या आधारे वर्गवारी केली होती आणि ती गावोगावी चर्चेला ठेवा असे सांगितले होते. ती चर्चा पुरानंतरही झाली नाही. वायनाडच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, केंद्राने पश्चिम घाटाविषयीच्या अधिसूचनेचा मसुदा काढला, तो सहावा होता.

हे असे का होते? पत्रकारांचा दुष्टावा हे त्याचे उत्तर नव्हे. वार्ताहराला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावाला जाऊन यायला दोन दिवस लागतात. मोर्च्याचे छायाचित्र अर्ध्या तासात मिळते. आंदोलनाची बातमी पुष्कळदा गुन्हेवार्ता पाहणाऱ्याकडे जाते, म्हणून तिच्यात वाहतूक किती खोळंबली आणि अटक किती झाली हे असते, मागणी नसते. जिल्ह्याच्या गावी वार्ताहरालाच पुरवणीसाठी जाहिराती आणाव्या लागतात, आणि जाहिरात देणारा बिल्डर किंवा कारखानदार असतो. साच्यामुळे या सर्व अडचणी सुटतात. साच्याला प्रवास लागत नाही.

याचा अर्थ कार्यकर्त्यावर टीकाच करू नये असा कोणी घेऊ नये. त्यालाही तपासले पाहिजे. १९९५ मध्ये उत्तर समुद्रातील ब्रेंट स्पार नावाची तेलसाठ्याची जुनी टाकी खोल समुद्रात बुडविण्याचा शेल कंपनीचा बेत ‘ग्रीनपीस’ संघटनेने हाणून पाडला. त्या वेळी टाकीत साडेपाच हजार टन तेल उरले असल्याचा अंदाज संघटनेने दिला होता. तो फारच चुकीचा होता, आणि सप्टेंबर १९९५ मध्ये संघटनेने त्याबद्दल कंपनीची जाहीर माफी मागितली. ही खरी टीका. तेल किती, हे विचारले गेले, मोजले गेले, आकडा चुकला हे सिद्ध झाले. समुद्रात टाकी बुडवावी की नाही हा तत्त्वाचा प्रश्न त्यानंतरही उरला आणि त्यावर वेगळा वाद झाला. संघटनेच्या लोकांना माथेफिरू म्हणून किंवा समुद्राचे देवदूत म्हणून या दोहोंपैकी एकही गोष्ट कळली नसती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले, तेव्हा माध्यमांनी त्याला ‘हवामानाचे परिपत्रक’ असे नाव दिले आणि काही भाष्यकारांनी पोपमहोदयांना साम्यवादी ठरविले. परिपत्रकाचा गाभा असा की, गरिबांचे दुःख आणि धरणीचे दुःख वेगळे काढता येत नाही. मेंदेस, सिस्टर डोरोथी आणि सिंधुदुर्गातील त्या ग्रामसभा हेच सांगत होत्या. हा गाभा वगळला की उरतो तो झाडांवर प्रेम करणारा एक विक्षिप्त इसम, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही सोपे जाते.

शुभवर्तमानात नथनेलची गोष्ट आहे. येशू कोण हे कळण्याआधीच, तो कोणत्या गावचा एवढ्यावरून त्याने आपले मत बनविले. फिलिपने त्याच्याशी वाद घातला नाही. प्रत्यक्ष भेटीला बोलावले. आणि नथनेलही गेला, हे त्याचे मोठेपण. वृत्तपत्र वाचणाऱ्या आपल्या कुटुंबांकडून याहून अधिक काही अपेक्षित नाही. उद्या आपल्या तालुक्यात एखादा रस्ता, बंदर किंवा वसाहत येईल, कोणीतरी विरोध करील आणि त्याच्याविषयी बातमी छापून येईल. त्या बातमीतील विशेषणे पेन्सिलीने खोडावीत आणि मग काय उरते ते पाहावे. जागा, आकडा, कागद, बाधित माणसाचे स्वतःचे शब्द यांपैकी काही उरले तर ती बातमी. त्यावरून मत बनवावे, ते विरोधाचे असो वा पाठिंब्याचे. काहीच उरले नाही तर सायंप्रार्थनेनंतर दोन-चार घरांनी मिळून त्या जागेवर जाऊन यावे. आपल्या धर्मग्रामांत पायी पोहोचता येणार नाही अशी विहीर, खाजण किंवा टेकडी फार थोडी असेल.